तक्रारपेटीची किल्ली कोणाकडे?

(द्वितीय वर्ष, कला)

पुष्कळ महाविद्यालयांच्या वार्षिक अहवालात एक वाक्य असते : ‘चालू वर्षात अंतर्गत तक्रार समितीकडे एकही तक्रार आलेली नाही.’ परीक्षांचे निकाल, क्रीडास्पर्धांतील ढाली आणि वृक्षारोपण यांच्या जोडीने हे वाक्यही अभिमानाने छापले जाते. वाचणाऱ्याला बरे वाटते. किती शिस्तीचे महाविद्यालय! मला मात्र हे वाक्य वाचले की आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राची आठवण होते. तेथील नोंदवहीतही कित्येक दिवस एकाही रुग्णाचे नाव नसते. गाव निरोगी आहे म्हणून नव्हे, तर दाराला कुलूप असते म्हणून.

तक्रार शून्य म्हणजे त्रास शून्य, हा हिशेब मला मान्य नाही. तक्रार केलेल्या मुलीचे पुढे वाईट होत नाही असा जेथे अनुभव आहे, तेथे तक्रारी येतातच. जेथे तो विश्वास नाही, तेथे मुली गप्प बसतात. मागच्या बाकावर सरकतात. एखादा विषय सोडतात, आणि एके दिवशी महाविद्यालयच सोडतात. हजेरीपटावर त्यांच्या नावापुढे रेघ ओढली जाते. त्या रेघेचे कारण कोणी लिहीत नाही. म्हणून विद्यापीठे व महाविद्यालये लैंगिक छळाच्या तक्रारी कशा हाताळतात याची परीक्षा एकाच प्रश्नाने घ्यावी, असे मला वाटते. तक्रार केल्यानंतर त्या मुलीचे शिक्षण चालू राहिले का?

हा प्रश्न मला सुचतो त्याला कारण आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. वडील बाजार समितीत हमाली करतात, आई रोजाने शेतावर जाते. ‘पोरीची जात, रोज एस.टी.ने जाणार-येणार, उद्या काही झालं म्हणजे?’ असे म्हणणाऱ्या माणसांना तोंड देऊन त्यांनी मला पाठवले आहे. आपल्या महाविद्यालयात अशा घरांतून येणाऱ्या मुली थोड्याथोडक्या नाहीत. अशा मुलीला कोणी त्रास दिला, तर तिला पहिली भीती त्रास देणाऱ्याची वाटत नाही आणि समितीचीही वाटत नाही. ही गोष्ट घरी कळेल, ही तिची खरी भीती. कारण घरी कळले की निकाल ठरलेला असतो : ‘उद्यापासून कॉलेज बंद.’ तेथे चौकशी नाही, साक्षीपुरावा नाही आणि अपीलही नाही.

माझ्याबरोबर बारावीपर्यंत शिकलेली एक मुलगी होती. अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. एक मुलगा रोज एस.टी. स्थानकापासून तिच्या मागे येई, नको ते बोले. तिने धीर करून घरी सांगितले. पुढच्या महिन्यात तिचा पास काढला गेला नाही, आणि त्यानंतरच्या मे महिन्यात तिचे लग्न झाले. तो मुलगा अजून कॉलेजात जातो. तिचे आईवडील दुष्ट नव्हते, ते घाबरले होते. ‘तुमची मुलगी शिकेल आणि आम्ही बंदोबस्त करू,’ असे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. शिक्षा कोणाला झाली, हे वाचकांनीच ठरवावे.

या विषयावर बोलायला आपल्याकडे शब्दही धड नाहीत. ‘छेड काढली’ म्हटले की सारा प्रकार थट्टेवारी जातो. ‘विनयभंग’ म्हटले की जणू तिच्याजवळचा विनय मोडला. वास्तविक विनय सुटला तो त्याचा! ‘अब्रू गेली’ असे म्हणतात तेही तिच्याविषयीच. चोरी झाली तर आपण चोराला नावे ठेवतो, ज्याच्या घरी चोरी झाली त्याची अब्रू गेली असे म्हणत नाही. या एकाच गुन्ह्यात मात्र उलटा न्याय. ‘लैंगिक छळ’ हा शब्द कानाला कठीण वाटला तरी तो मला बरा वाटतो. छळ म्हटला की छळणारा कोणीतरी असतो, आणि दोष त्याच्याकडे जातो.

हा शब्द आणि त्यामागचे कायदे आपल्याला फुकट मिळालेले नाहीत. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची फिर्याद झाली. ‘मथुरा खटला’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, असे त्या निकालात म्हटले होते. तेव्हा १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. गप्प राहून केलेला शरणभाव म्हणजे संमती नव्हे, असा त्यांचा मुद्दा होता. त्या पत्रानंतर देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराविषयीच्या कायद्यात बदल झाले. एका खेड्यातील निरक्षर मुलीसाठी विद्यापीठातील शिक्षकांनी लेखणी उचलली, ही गोष्ट आपल्या गुरुजनांना मी मुद्दाम सांगते.

दुसरी गोष्ट राजस्थानची. भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन म्हणून काम करीत. १९९२ मध्ये त्यांनी एक बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची त्यांनी फिर्याद केली. १९९५ मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले. परंतु काम करणाऱ्या स्त्रीला कामाच्या जागी संरक्षण कोण देणार, हा प्रश्न घेऊन काही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांनी निकाल दिला. तोच विशाखा निकाल. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की विशाखा हे कोणा पीडित मुलीचे नाव असावे. ते अर्ज करणाऱ्या एका संस्थेचे नाव आहे. प्रत्येक कामाच्या ठिकाणी तक्रार समिती असावी, तिची प्रमुख स्त्री असावी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया तिच्यात नसाव्यात, हे तेव्हापासून ठरले. पुढे २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने खास उच्च शिक्षण संस्थांसाठी विनियम तयार केले आणि ते मे २०१६ मध्ये राजपत्रात आले.

हे विनियम मी वाचले आणि मला आश्चर्य वाटले. ते इतके चांगले आहेत! समितीची अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका हवी. दोन प्राध्यापक, दोन शिक्षकेतर कर्मचारी आणि बाहेरच्या संस्थेतील एक जाणकार व्यक्ती हवी. प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, आणि तेही पारदर्शक, लोकशाही पद्धतीने निवडून आलेले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकाराच्या जागेवरील व्यक्तींनी समितीत बसायचे नाही, म्हणजे समितीवर दडपण येणार नाही. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. लिहिणे जमत नसेल तर समितीच्या सदस्यांनी मदत करायची. ज्याच्यावर आरोप आहे त्याला सात दिवसांत तक्रारीची प्रत द्यायची, त्याने दहा दिवसांत उत्तर द्यायचे, आणि चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. तिचे, त्याचे आणि साक्षीदारांचे नाव बाहेर फुटू द्यायचे नाही. तक्रार फक्त मुलींनीच करावी असेही नाही. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांचाही या विनियमांत विचार आहे.

आता आपण प्रामाणिकपणे एकमेकांना विचारू या. आपल्या समितीच्या अध्यक्षांचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? बाहेरचा सदस्य कोण? विद्यार्थी प्रतिनिधी कधी निवडले गेले? स्नेहसंमेलनाच्या सचिवाचे नाव शिपायापासून सर्वांना ठाऊक असते. पुष्कळ ठिकाणी तक्रारपेटी असते, पण ती कार्यालयाच्या दारातच टांगलेली असते. शुल्क भरणाऱ्यांची रांग समोर उभी असताना कोणती मुलगी तिच्यात चिठ्ठी टाकील? आणि टाकलीच, तर पेटीची किल्ली कोणाकडे? ज्या कार्यालयातील माणसाविषयी ती चिठ्ठी असेल, त्याच कार्यालयाच्या खणात जर किल्ली असेल, तर त्या पेटीला अर्थ काय?

कोणी म्हणेल, एवढे मनावर का घ्यावे? जुलै २०२५ मध्ये ओडिशातील बालासोर येथे काय झाले ते आठवावे. एका महाविद्यालयातील विद्यार्थिनीने एका शिक्षकाविरुद्ध तक्रार केली होती. आपल्याला दाद मिळत नाही, असे वाटून तिने महाविद्यालयाच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतले आणि १४ जुलै रोजी तिचा मृत्यू झाला. तिने तक्रार केली होती, हे लक्षात घ्या. ती गप्प बसली नव्हती. नियमात सांगितलेला मार्ग तिने धरला होता. मुलींनी पुढे येऊन बोलावे असा उपदेश आपण नेहमी करतो. बोललेल्या मुलीचे पुढे काय होते, हे बाकीच्या साऱ्या मुली पाहत असतात. त्यावरून त्या आपला निर्णय करतात.

या विषयावर बोलणे निघाले की एक प्रश्न हमखास येतो : खोट्या तक्रारींचे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. कोणावरही अन्याय होऊ नये हे मलाही मान्य आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचे सिद्ध झाले तर कारवाईची तरतूद कायद्यात आहे. पण केवळ पुरावा देता आला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिले आहे. एकांतात केलेल्या कृत्याला साक्षीदार कोठून आणायचा? नीट केलेली चौकशी निर्दोष माणसाचे रक्षण करते आणि मुलीचेही करते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाचा धडा हाच आहे. तेथे विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ सालच्या. समितीने चौकशी उरकली आणि त्या प्राध्यापकाला सेवेतून काढले गेले. परंतु त्याला बाजू मांडायला पुरेसा अवसर दिला नव्हता, म्हणून १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि चौकशी मे २००९ मधील टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षे! त्या विद्यार्थिनी तोवर कोठे असतील? घाईने उरकलेल्या चौकशीत त्याला न्याय मिळाला नाही आणि त्यांनाही मिळाला नाही. त्याच निकालात न्यायालयाने सर्व सरकारी खाती, विद्यापीठे व महाविद्यालये यांना बजावले की समित्या आहेत की नाहीत ते पाहा आणि त्यांच्या सदस्यांची नावे, संपर्क व तक्रारीची पद्धत संकेतस्थळावर द्या. कायदा होऊन दहा वर्षे झाल्यावर हे सांगावे लागले, यातच सारे आले.

आणखी एक गोष्ट. तक्रार आली की आपल्याकडे उपाय बहुधा मुलींवरच होतात. वसतिगृहाचे दार लवकर बंद करा. मुलींनी मैदानावर थांबू नये. मुलींनी असे कपडे घालू नयेत. म्हणजे साप दिसला की बेडकाला डब्यात कोंडायचे! मुलींच्या सुरक्षिततेचे कारण सांगून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावू नयेत, असे आयोगाच्या विनियमांतच म्हटले आहे. पुण्याला १८४८ मध्ये सावित्रीबाई फुले शाळेत शिकवायला जात, तेव्हा लोक त्यांच्या अंगावर शेण-माती फेकत. त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत जाऊन शिकवत. त्रास देणारे आहेत म्हणून त्यांनी शाळा बंद केली असती, तर आज मी हा लेख लिहायला येथे नसते. दरवर्षी ३ जानेवारीला आपण त्यांच्या प्रतिमेला हार घालतो. त्यांच्या या एका कृतीचा अर्थ मात्र अजून आपल्या नियमावलीत उतरलेला नाही.

मग आधार द्यायचा म्हणजे काय करायचे? केवळ ‘धीर धर, बाळ’ म्हणणे म्हणजे आधार नव्हे. विनियमांतच काही सोयी दिल्या आहेत. चौकशी चालू असताना मुलीची किंवा आरोप असलेल्या व्यक्तीची तुकडी वा विभाग बदलता येतो. मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची सोय ही की ज्या शिक्षकाविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्या उत्तरपत्रिका तपासण्यापासून आणि तिचे मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येते. अंतर्गत गुण ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? ही भीती काढून टाकली तर निम्मी वाट मोकळी होईल.

याला मी माझ्याकडून काही सूचना जोडते. पहिली सूचना, अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलीला विचारल्याशिवाय तिच्या घरी फोन करू नये. मदत म्हणून केलेला तो एक फोन तिचे शिक्षण संपवू शकतो. घरी सांगायचेच असेल तर समितीतील एखाद्या बाईंनी तिच्याबरोबर घरी जावे, आणि ‘चूक तुमच्या मुलीची नाही, तिचे शिक्षण आम्ही थांबू देणार नाही,’ हे तिच्या आईवडिलांना समोर बसून सांगावे. प्राध्यापकांच्या शब्दाला आमच्या घरांत फार मान असतो. दुसरी सूचना, ज्या दिवशी तिला जबाबासाठी बोलावले त्या दिवसाची हजेरी तिला मिळावी आणि बुडालेल्या तासांच्या टिपणांची सोय व्हावी. तिसरी, तिला पोलिसांत जायचे असेल तर समितीतील कोणीतरी बरोबर जावे. चौथी, तक्रार मराठीत, आपल्या साध्या भाषेत लिहिलेली चालेल, हे सूचनाफलकावर ठळक लिहावे. आम्हाला अर्जाचे मायने येत नाहीत. झालेली गोष्ट मात्र सांगता येते. पाचवी, समितीच्या सदस्यांची नावे व दूरध्वनी क्रमांक प्रवेशपुस्तिकेत छापावेत, आणि जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात त्या बाईंनी प्रत्येक वर्गावर येऊन पाच मिनिटे बोलावे. चेहरा ओळखीचा असला की दार ठोठावायला धीर येतो.

माझ्या वर्गबंधूंनाही एक सांगणे आहे. आपल्यापैकी बहुतेक जण असे वागत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण जो वागतो तो तुमच्याच घोळक्यात उभा असतो, आणि तुम्ही हसता म्हणून त्याला बळ मिळते. तुम्ही न हसता निघून गेलात तरी त्याचा अर्धा जोर ओसरेल. मैत्रिणींना सांगणे एवढेच, की एखादीने काही सांगितले तर ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ हा प्रश्न आपण तरी विचारू नये. तो विचारायला बाहेर पुष्कळ लोक बसले आहेत.

गुरुजनहो, या लेखात लहान तोंडी मोठा घास घेतला असे कोणाला वाटले तर क्षमा असावी. पण आमच्यासारख्या मुलींना महाविद्यालयाच्या दारापर्यंत आणायला या महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षे लागली. त्या दारातून एकीलाही खाली मान घालून परत जावे लागू नये, एवढीच अपेक्षा आहे. एखाद्या वर्षी आपल्या अहवालात ‘तीन तक्रारी आल्या, तिन्हींची चौकशी मुदतीत पूर्ण झाली, आणि तक्रार करणाऱ्या तिन्ही विद्यार्थिनी आज पुढच्या वर्गात शिकत आहेत,’ असे वाक्य छापून आले, तर ते वाचून महाविद्यालयाची नाचक्की झाली असे मी म्हणणार नाही. मी ते वाक्य घरी नेऊन आईला वाचून दाखवीन.